जुन्या मोटारगाड्यांचा जीर्णोद्धार

जुन्या मोटारगाड्यांचा जीर्णोद्धार : दीर्घकाळ वापरून झिजलेली किंवा पडून राहिलेली मोटारगाडी, तिच्या मूळ रचनेस बाध न आणता, पुन्हा चालण्याजोगी करणे. केवळ दुरुस्तीत गाडी चालू होणे एवढाच हेतू असतो. जीर्णोद्धारात ती ज्या पद्धतीने घडविली गेली ती पद्धतही शाबूत ठेवावी लागते. ब्रिटनमधील रूढ वर्गीकरणाप्रमाणे १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणतात. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, प्रथम नोंदणीस ५० वर्षे झालेली आणि सांगाडा, कवच व एंजिन यांत मोठे फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने या वर्गात येतात. त्यामुळे १९६० नंतरच्या दशकातील अँबॅसडर, फियाट ११०० व जीप यांनाही हा दर्जा मिळू शकतो.

नांदेड व लातूर हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता व १९५६ साली तो मुंबई राज्यात आला. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली. त्या काळातील ॲल्बियन बनावटीची एक गाडी हैदराबाद येथे जतन केलेली आहे. संस्थानिकांच्या गाड्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात. मराठवाड्यात आज दुरुस्तीस येणाऱ्या जुन्या गाड्या मात्र बहुधा साध्या असतात : वाड्यात किंवा शेतावरील गोठ्यात वर्षानुवर्षे उभी राहिलेली जीप, डॉक्टर किंवा वकील घराण्यातील फियाट अथवा अँबॅसडर. अशा गाडीचे सर्वाधिक नुकसान ती पडून असताना होत नाही, तर ती घाईने ‘एकदा सुरू करून पाहू’ म्हणणाऱ्याच्या हातून होते.

बंद एंजिनात दट्ट्याच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीस गंजाने चिकटलेल्या असतात. बटन दाबून किंवा गाडी ढकलून एंजिन फिरविल्यास कड्या मोडतात व सिलिंडरवर चरे पडतात. म्हणून प्रथम सर्व प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात थोडे पातळ वंगण सोडावे, दोनतीन दिवस ते मुरू द्यावे आणि नंतर हाताच्या दांड्याने एंजिन सावकाश फिरवावे. ते अडल्यास जोर न लावता वरचे झाकण उतरविणे श्रेयस्कर. त्याच वेळी तळाची तेलटाकी उतरवून साचलेला गाळ काढावा. हा गाळ न काढता आधुनिक मलशोधक वंगण घातल्यास गाळ सुटतो व तेलमार्ग तुंबतो. १९३० च्या आसपासच्या अनेक एंजिनांत धारवे कथिल, अँटिमनी व तांबे यांच्या मिश्रधातूचे जागेवरच ओतलेले असतात. ते पुन्हा ओतून लेथवर कातणारे कारागीर आता विरळ झाले आहेत.

मराठवाड्यातील गाडीचा मोठा शत्रू पाणी हा आहे. २०१६ च्या दुष्काळात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वश्रुत आहे. जे भूजल उपलब्ध असते तेही अनेक ठिकाणी कठीण असते. बेसाल्ट खडकातील विंधन विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे बायकार्बोनेट असते. उष्णतेने त्याचे विघटन होऊन एंजिनाच्या पाणकोशात व रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर बसतो. तो उष्णतेचा मंदवाहक असल्यामुळे मे महिन्यात हवेचे तापमान ४०° से. च्या वर गेले की, एंजिन तापते आणि दोष विनाकारण पाणपंपाला दिला जातो. रेडिएटर सोडवून खालून वर, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने, पाण्याचा झोत द्यावा. गॅरेजात तीव्र अम्ल ओतण्याची प्रथा आढळते. त्याने थर जातो खरा, परंतु डाखही जातो. धुण्याच्या सोड्याचा द्राव एंजिनात भरणे फियाट ११०० च्या बाबतीत टाळावेच, कारण तिचे वरचे झाकण ॲल्युमिनियमचे असते व सोडा त्या धातूस खातो. पुन्हा भरताना ऊर्ध्वपातित पाणी व गंजरोधक द्रव वापरावा. ऊर्ध्वपातित पाणी न मिळाल्यास, पहिला पाऊस सोडून छपरावरचे साठविलेले व गाळलेले पावसाचे पाणी चालते.

इंधनाचा प्रश्न नव्याने उद्‌भवला आहे. जुन्या पेट्रोलमधील शिशाच्या संयुगांचा पातळ थर निष्कास झडपांच्या बैठकींवर बसे व त्यांची झीज रोखी. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेरहित पेट्रोलच मिळू लागले. तेव्हापासून अँबॅसडरसारख्या ओतीव लोखंडी झाकणाच्या एंजिनांत, विशेषतः दीर्घकाळ वेगाने चालविल्यास, बैठक खचते, झडपेची फट कमी होते आणि झडप पुरती मिटत नाही. फट वरचेवर मोजणे व झाकण उतरविलेच तर कठीण पोलादी बैठकी बसविणे हा त्यावरील उपाय होय. याउपर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल विक्रीस आले. लातूर-नांदेडच्या ऊसपट्ट्यास इथेनॉल परके नाही, पण जुन्या गाडीस ते मानवत नाही. त्याने जुने रबर व बूच फुगते, टाकीतील चिकट साका सुटून जाळी तुंबते आणि शोषलेल्या पाण्यामुळे जस्ताच्या मिश्रधातूचे कार्ब्युरेटर गंजते. इंधन पंपाचे पटल व नळ्या इथेनॉलसह रबराच्या घ्याव्यात. मिश्रण विरल होत असल्याने जेट किंचित मोठा लागतो. तो तारेने कोरून वाढवू नये, योग्य मापाचा नवा बसवावा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असल्यास टाकी रिकामी करावी. उन्हाळ्यात एंजिनालगतच्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. पंपावर ओले फडके टाकण्याची जुन्या चालकांची युक्ती शास्त्रशुद्धच आहे, तथापि नळी निष्कास नळापासून दूर नेणे हा कायमचा उपाय होय.

एंजिन सुरू होण्यापूर्वी ब्रेक पूर्ण दुरुस्त झालेले असावेत, हा क्रम बहुधा उलटा केला जातो. द्रवचलित ब्रेकमधील रबरी वाट्या दिसण्यात चांगल्या असल्या तरी बदलाव्यात. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टस असते. ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ती ओलसर करून पुसून घ्यावी. विद्युत् व्यवस्थेत अनेक जुन्या गाड्यांची घटमाला ६ व्होल्टची असते आणि काहींत धन अग्र सांगाड्यास जोडलेले असते, हे न पाहता नवी उपकरणे जोडल्यास ती जळतात.

कोकणाच्या मानाने येथील हवा कोरडी असल्याने पत्रा टिकतो. पण मडगार्डच्या आत व सांगाड्याच्या पोकळीत बसलेली काळी माती ओल धरून ठेवते व तेथे गंज आतून चढतो. मूळ रंग जेथे टिकला असेल तेथे तो राखावा. सरसकट खरवडून चकचकीत रंग दिलेल्या गाडीपेक्षा अभ्यासकास तिचे मोल अधिक वाटते. सुटा केलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून ठेवावा व सोडविण्यापूर्वीच छायाचित्रे घ्यावीत. सांगाड्यावरील व एंजिनावरील क्रमांक घासू नयेत. नोंदणीच्या वेळी तेच तपासले जातात. २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांच्या नोंदणीचे शुल्क प्रथम २०,००० रु. व फेरनोंदणीस ५,००० रु. असून मुदत १० वर्षांची असते. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, शर्यतवजा फेरी, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या किंवा व्यापारी वापरास तिला मुभा नाही.