ड्रोन का कोसळला? उड्डाणाची नोंद काय सांगते

उल्हास नदीच्या खोऱ्यातील बेलवली आज कुळगाव-बदलापूरच्या नागरी क्षेत्रात मोडते. तेथून वांगणीच्या दिशेने गेले की अंबरनाथ तालुक्यातील ग्रामपंचायतींची गावे लागतात. शहर आणि खेडे यांच्या सीमेवरील अशा भागांत जमिनीची मोजणी, पिकांवरील फवारणी, पूरस्थितीची पाहणी इत्यादी कामांसाठी ड्रोन उपयुक्त ठरतो. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणातील घरांची मोजणी ड्रोनच्या साहाय्यानेच होते व तीवरून मिळकत पत्रिका तयार केल्या जातात.

असे यंत्र कोसळले तर नुकसान केवळ यंत्राचे होत नाही. खाली माणसे असू शकतात, मोजणी खोळंबते आणि पहिला ठपका बहुधा ड्रोनचालकावर येतो. तो रास्त आहे किंवा नाही, हे ठरविण्याचे साधन यंत्राच्या पोटातच असते.

जुना धडा

1 जानेवारी 1978 रोजी एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग 747 विमान मुंबईहून निघाल्यावर काही क्षणांतच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. त्यातील 213 जण मृत्युमुखी पडले. प्रारंभी घातपाताचा संशय व्यक्त झाला. परंतु तपासात स्फोटाचा पुरावा आढळला नाही. विमानाचा कल दाखविणारे मुख्य वैमानिकासमोरील उपकरण बिघडले होते व त्यामुळे अंधारात दिशाभूल होऊन विमान चुकीच्या बाजूस वळविले गेले, असा निष्कर्ष निघाला. तर्क एका दिशेने धावतो, पुरावा दुसरीकडे नेतो, हाच यातील बोध होय.

नोंदीचे वाचन

मोजणीच्या वा फवारणीच्या ड्रोनमधील नियंत्रक उंची, कल, बॅटरीचा दाब, उपग्रहांची संख्या, कंपने आणि चालकाने दिलेल्या आज्ञा सेकंदातून अनेक वेळा नोंदवितो. तपासणाऱ्याने प्रथम नोंदीचा शेवट पाहावा. ती हवेतच, जमिनीपासून बऱ्याच उंचीवर तुटली असेल, तर वीजपुरवठा खंडित झाल्याचा संशय बळावतो. बॅटरीची जोडणी सैल होती काय, हे मग तपासावे लागते. चार घटांची लिथियम-पॉलिमर बॅटरी पूर्ण भरलेली असता 16.8 व्होल्ट दाखविते; भार पडताच हा आकडा झपाट्याने घसरला असेल, तर बॅटरी जीर्ण झाली असावी.

नोंद जमिनीपर्यंत पोहोचत असेल, तर ‘अपेक्षित कल’ आणि ‘प्रत्यक्ष कल’ या दोन रेषा शेजारी ठेवाव्यात. चांगल्या उड्डाणात त्या जवळजवळ एकमेकींवर बसतात. त्या एकाएकी फाकल्या आणि त्याच क्षणी चारपैकी एका मोटारीला कमाल जोर देण्याची आज्ञा गेलेली दिसली, तर ती मोटार किंवा तिचा पंखा निकामी झाला असे समजावे. खाली झुकणारी बाजू सावरण्यासाठी नियंत्रकाने केलेली ती शेवटची धडपड असते. याउलट चालकाची आज्ञा, अपेक्षित कल आणि प्रत्यक्ष कल हे तिन्ही जुळत असतील, तर यंत्राने सांगितले तेच केले. चूक आज्ञेत शोधावी.

ड्रोन जागी स्थिर राहण्याऐवजी वाढत्या वर्तुळात फिरला असेल, तर होकायंत्राकडे लक्ष द्यावे. बेलवलीजवळून जाणाऱ्या रेल्वेमार्गासारख्या ठिकाणी लोखंडी खांब व रूळ, तसेच वस्तीतील पत्र्याची छपरे होकायंत्राला चकवू शकतात. रेल्वेच्या 25,000 व्होल्टच्या तारांचा धोका तर वेगळाच.

येथे एक पथ्य पाळावे. तोल गेल्यावर सर्वच आकडे बिघडतात. म्हणून सर्वांत मोठा नव्हे, तर सर्वांत पहिला बिघाड शोधावा. त्याच यंत्राच्या आधीच्या निर्दोष उड्डाणाची नोंद तुलनेस घेतल्यास हे काम सुकर होते.

अपघातानंतरची दक्षता

कोसळलेला ड्रोन पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. अवशेष हलविण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्यावीत, स्मृतिपत्र जपून ठेवावे आणि चेपलेली बॅटरी पेट घेऊ शकते हे ध्यानात घेऊन ती वस्तीपासून दूर ठेवावी. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार अपघाताची माहिती 48 तासांच्या आत नागरी विमान वाहतूक महासंचालकांना कळविणे चालकावर बंधनकारक आहे.

ग्रामपंचायतीने वा कार्यालयाने ड्रोनचे काम सोपविताना उड्डाणाच्या नोंदी जतन करण्याची अट करारातच घालावी. नोंद हाती असेल तर निरपराध चालकावर ठपका येणार नाही, सदोष यंत्र पुन्हा आकाशात जाणार नाही आणि गावकऱ्यांच्या डोक्यावरील धोकाही टळेल.