क्लब बुडाला, करंडक उरला

इंग्लंड आणि स्कॉटलंड हे रग्बीतले सर्वांत जुने प्रतिस्पर्धी. दरवर्षी ते ज्या करंडकासाठी चिखलात लोळतात, त्याला कढईसारखे कान आहेत. मात्र ते तीन आहेत आणि प्रत्येक कान म्हणजे एक नाग. झाकणावर अंबारीसह हत्ती उभा. उंची साधारण 45 सेंटिमीटर. नाव ‘कलकत्ता कप’. आंतरराष्ट्रीय रग्बीत याच्याहून जुना करंडक नाही. आणि तो देणारा क्लब जेमतेम पाच वर्षं जगला होता.

कलकत्ता तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी. 25 डिसेंबर 1872 रोजी, ऐन नाताळात, तिथे रग्बीचा एक सामना झाला. एका बाजूला इंग्लंडचे वीस गडी, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे मिळून वीस. आज रग्बीत पंधरा-पंधरा जण असतात, पण त्या काळी वीसच असत. मायदेशात इंग्लंड-स्कॉटलंड हा पहिला आंतरराष्ट्रीय सामना 1871च्या मार्चमध्ये एडिंबरोला झाला होता. त्याला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. कलकत्त्यातला सामना इतका रंगला, की आठवड्याभरात पुन्हा खेळावा लागला. जानेवारी 1873 मध्ये ‘कलकत्ता फुटबॉल क्लब’ स्थापन झाला. नावात फुटबॉल असलं तरी खेळ रग्बीचा. पुढच्याच वर्षी तो लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियनचा सभासदही झाला.

रग्बी शाळेत शिकलेले काही साहेब क्लबात होते, व्यापारी पेढ्यांतले तरुण होते. पण मैदानावर खरी ताकद होती पलटणींची. ‘बफ्स’ या टोपणनावाची 3 नंबरची पायदळ पलटण आणि तिच्या जोडीला 65 नंबरची, अशा दोन पलटणी तेव्हा कलकत्त्यात होत्या. दणकट, रिकामपण असलेले, आणि हुकूम सुटताच गोळा होणारे जवान दुसरीकडे कुठे मिळणार? वर्षभरात सभासदसंख्या 137 वर गेली. त्यात क्लबच्या फुकट दारूचाही वाटा होता, हे क्लबचा इतिहास सांगणारे मिश्कीलपणे नोंदवतात. मला तो वाटा बराच मोठा वाटतो.

कारण पुढे फुकटचा बार परवडेना म्हणून बंद झाला आणि सभासद झपाट्यानं गळाले. त्यातच बफ्सची बदली झाली. पलटण गेली तसे खेळाडू गेले. उरलेल्यांना कलकत्त्याच्या दमट हवेत अंगावर अंग घालण्यापेक्षा टेनिस आणि पोलो बरे वाटू लागले. बदलीच्या माणसांवर उभी राहिलेली संस्था अशीच संपते. गावातल्या माणसाला आत येऊ दिलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. पण तो काळच असा होता, की क्लबाच्या फाटकातून आत जाणारा हिंदी माणूस एक तर खानसामा असे, नाही तर माळी.

क्लब बुडाला तरी बँकेत पैसे शिल्लक होते. कर्णधार, चिटणीस आणि खजिनदार अशा तिन्ही टोप्या एकाच डोक्यावर घालणारे जी. ए. जेम्स रॉथनी यांनी डिसेंबर 1877 मध्ये लंडनला पत्र लिहिलं: या पैशांचा हिंदुस्थानी कारागिरीचा एक करंडक घडवून युनियनला द्यावा, म्हणजे खेळाचं काही कायमचं भलं होईल आणि क्लबची आठवणही राहील. युनियननं होकार कळवला. मग शिल्लक रक्कम चांदीच्या रुपयांत काढली आणि ते रुपये वितळवले. सांगितला जाणारा आकडा 270 रुपयांचा आहे. त्या वेळचा रुपया वजनाला बरोबर एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम भरे. तेव्हा 270 तोळे, सव्वातीन किलोला थोडं कमी. त्यात अकरा-द्वादशांश चांदी, बाकी हीण.

क्लबची इच्छा होती, की फुटबॉलच्या एफए कपसारखी या कपासाठी क्लबांची दरवर्षी स्पर्धा व्हावी. युनियनला क्लबाक्लबांतली चुरस पसंत नव्हती. तिनं कप इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याला लावून टाकला. 10 मार्च 1879 रोजी एडिंबरोच्या रेबर्न प्लेस मैदानावर त्यासाठी पहिला सामना झाला आणि बरोबरीत सुटला. पुढच्या वर्षी मँचेस्टरला इंग्लंडनं तो पहिल्यांदा जिंकला. गंमत अशी, की कपाच्या लाकडी बैठकीवर विजेत्यांची नोंद 1871 पासून आहे. म्हणजे कप घडण्याआधीचे सामनेही त्याच्या खात्यावर.

इकडे कलकत्त्यात काय झालं? तिथली एक आख्यायिका 1877चीच आहे. नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी नावाचा शाळकरी मुलगा मैदानाजवळून जाताना गोरे शिपाई चेंडू खेळताना पाहतो, आपल्याकडे आलेला चेंडू लाथेनं परत पाठवतो आणि त्या खेळाच्या नादी लागतो. हेअर स्कूलमधल्या दोस्तांनी वर्गणी काढून चेंडू आणला, तो निघाला रग्बीचा! मग एका गोऱ्या प्राध्यापकानं त्यांना फुटबॉल मिळवून दिला आणि कसा खेळायचा तेही शिकवलं. दुकानातला तो घोळ कुणी निस्तरला नसता तर बंगाल आज रग्बीवेडा असता, असं म्हणायचा मोह होतो. पण चेंडूच्या आकारापेक्षा तो कुणाच्या हाती पडला हे जास्त महत्त्वाचं. फुटबॉल गल्लीत उतरला, रग्बी क्लबात राहिली. 1880च्या दशकात कलकत्त्यात रग्बी आणि तो बुडालेला क्लब पुन्हा सुरू झाले खरे, पण कलकत्ता एफसी हे नाव गाजलं ते फुटबॉलमध्ये. त्याच क्लबच्या मैदानावर 29 जुलै 1911 रोजी मोहन बागाननं आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असं हरवलं. मोहन बागानचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते.

करंडकाचे हालही कमी झाले नाहीत. 1988 मध्ये मरेफील्डवर इंग्लंड जिंकलं आणि रात्री इंग्लंडचा डीन रिचर्ड्स व स्कॉटलंडचा जॉन जेफ्री हे दोघे कप घेऊन एडिंबरोच्या रस्त्यांवर फिरायला निघाले. सकाळपर्यंत कपाला पोचे आले होते. रिचर्ड्स पेशानं पोलीस, जेफ्री शेतकरी. शिक्षा मात्र पोलिसाला एका सामन्याची आणि शेतकऱ्याला काही महिन्यांची. मूळ कप आता इतका नाजूक झालाय, की तो फारसा हलवत नाहीत. मिरवायला प्रतिकृती आहेत. 2021 ते 2024 अशी सलग चार वर्षं तो स्कॉटलंडनं जिंकला.

आपल्याकडे रग्बी टिकली ती मुख्यतः मुंबईत आणि सैन्यात. अखिल भारतीय स्पर्धा 1924 पासून चालत आली आहे आणि सैन्याच्या संघानं ती अनेकदा जिंकली आहे. भारताचा राष्ट्रीय संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो थेट 1998 मध्ये, आणि त्या संघात अभिनेता राहुल बोस होता. कलकत्त्यातही ‘जंगल क्रोज’सारखा क्लब गेली दोन दशकं वस्त्यांमधल्या पोरांना हा खेळ शिकवतोय, 1873च्या क्लबला जे सुचलं नाही, ते यांनी पहिल्या दिवसापासून केलं. मुंबईत हा खेळ पावसाळ्यात, जमीन मऊ झाली की रंगात येतो. तेव्हा फोर्टकडे गेलात तर बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणापाशी दहा मिनिटं थांबून पाहा.