गिअर पडत नाही

गॅरेजची शेड बदलायची म्हणून परवा माळा रिकामा केला, तेव्हा कामाच्या जुन्या वह्या खाली आल्या. पहिली वही १९९३ची. डाव्या रकान्यात गाडीचा नंबर, मधल्यात गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत आणि उजव्या रकान्यात शेवटी काय निघालं ते. ऑटोमॅटिक गाड्यांची पानं मी पहिल्यापासून वेगळी ठेवली, कारण तेव्हा पुण्यात अशी गाडी क्वचितच यायची. दोन दिवस ती पानं वाचत बसलो. मधल्या रकान्यातली तक्रार तीस वर्षांत बदललेली नाही : "गिअर पडत नाही." उजव्या रकान्याची भाषा मात्र दर काही वर्षांनी पार बदलून जाते.

पहिली नोंद आखातातून परतलेल्या एका गृहस्थांच्या गाडीची. तीन गिअरची मोठी अमेरिकी गाडी, त्यांनी सामानासोबत आणलेली. डी लावला की सुटायची, पण पहिल्यातून दुसऱ्यात जायचीच नाही. इंजिन ओरडत राहायचं. तोवर माझं आयुष्य अॅम्बेसेडर, फियाट आणि जीपमध्ये गेलेलं. ऑटोमॅटिक उघडणारा माणूस माझ्या ओळखीत एकच, माझे उस्ताद, आणि ते तेव्हा थकले होते. त्यांनी एकच सांगितलं : आधी तेलाचा वास घे, पाना नंतर उचल. गृहस्थांनी गाडीबरोबर जाडजूड मॅन्युअलही आणलं होतं. ते घेऊन मी तीन रात्री बसलो.

त्या तीन रात्रींत जे समजलं त्याने मी अक्षरशः थक्क झालो. त्या गिअरबॉक्समध्ये विचार करणारी एकही वायर नव्हती. सगळा विचार तेल करायचं. जनरल मोटर्सने १९३९ संपता संपता ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रा-मॅटिक दिला, दुसऱ्या महायुद्धात तोच अमेरिकी रणगाड्यांतही बसला, तेव्हापासून ही विद्या तशीच चालत आली होती. गाडीच्या वेगाबरोबर फिरणारी दोन वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि तेलाचा दाब वाढवतात. हे गव्हर्नर. दुसऱ्या बाजूने अॅक्सिलरेटर किती दाबलाय त्यानुसार वेगळा दाब येतो. या दोन दाबांच्या मधे पेन्सिलीएवढा एक व्हॉल्व्ह असतो. वेगाची बाजू जिंकली की तो सरकतो आणि वरचा गिअर पडतो. चढावर तुम्ही पाय दाबून धरला की अॅक्सिलरेटरची बाजू जिंकते आणि गिअर उशिरा पडतो. अख्खा निर्णय दोन दाबांच्या रस्सीखेचीत होतो.

या गाडीत गव्हर्नरचा व्हॉल्व्ह अडकला होता. इंजिन ओरडत होतं, चाकं फिरत होती, पण गाडी धावतेय ही बातमीच गिअरबॉक्सपर्यंत पोचत नव्हती. त्याच्या लेखी गाडी उभी होती, मग तो दुसरा गिअर कशाला देईल? व्हॉल्व्ह बाहेर काढून उजेडात धरला तर त्याच्या अंगाला सुताचा एक धागा चिकटलेला. आधी कोणीतरी गिअरबॉक्सचं तेलाचं चेंबर उघडून कॉटन वेस्टने पुसलं होतं. व्हॉल्व्ह आणि त्याचं भोक यांच्यात केसाच्या जाडीहूनही कमी फट असते, तिथे धागा म्हणजे पाचर. त्या दिवसापासून माझ्या शेडमध्ये ऑटोमॅटिकच्या कामाला वेस्टची चिंधी चालत नाही. सातारा रस्त्यावर चक्कर मारली तेव्हा दुसरा पडला, मग तिसरा, इतका हलका की मागे बसलेल्या गृहस्थांना मला सांगावं लागलं.

पुढची सहा-सात वर्षं वहीत तेलाच्याच गोष्टी आहेत. एक मला फार महत्त्वाची वाटते. एका गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा आणि गिअर उशिरा, झटक्याने पडायचे. मालकाला कुणीतरी इंजिनाचं काम सांगितलं होतं, रिंगा-पिस्टन सगळं. निघाला काय, तर गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेला डबीएवढा व्हॅक्यूम मॉड्युलेटर. त्यातला रबरी पडदा फाटला होता. इंजिनातून येणारी व्हॅक्यूमची नळी त्या फाटक्या पडद्यातून गिअरबॉक्सचं तेल ओढत होती आणि इंजिन ते जाळत होतं. नळी उपसली, बोट घातलं, बोट लाल झालं. तपासणी एवढीच. दोन्ही तक्रारींचं मूळ एक होतं आणि ते ना इंजिनात होतं, ना गिअरबॉक्सच्या पोटात.

या तेलाबद्दल एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. क्लचच्या प्लेटांनी एकमेकींना धरावं पण झटका देऊ नये, यासाठी जुन्या काळी त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने त्यावर बंदी आणली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला. एवढं बारीक काम हे तेल करतं. वंगण तर ते आहेच, शिवाय तेच दाब देतं, तेच उष्णता वाहून नेतं, तेच प्लेटांची पकड ठरवतं. म्हणून कुठलंही लाल तेल कुठल्याही गाडीत ओतणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

चेंबर खोलल्यावर आतलं लोहचुंबक आधी बघावं. त्यावर राखाडी, गंधासारखा मऊ थर असेल तर घाबरायचं कारण नाही, ती रोजची झीज. बोटांत चुरताना टोचणारे तुकडे लागले, चेंबरच्या तळाशी पितळी चकाकी दिसली, तेल काळं पडून त्याला करपल्यासारखा वास आला, तर आतल्या प्लेटा किंवा बुश गेले. अशा वेळी नुसतं नवं तेल भरून गाडी परत दिली तर गिऱ्हाइकाचे पैसे वाया जातात.

२००५च्या पानांवर अजून पाण्याचे डाग आहेत. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरचे जवळजवळ दोन महिने मी मुंबईत एका स्नेह्याच्या गॅरेजात काम केलं. बुडालेल्या ऑटोमॅटिक गाड्या ओळीने उभ्या. चेंबरचा बोल्ट सैल केला की गुलाबी दूध बाहेर यायचं. तेल आणि पाणी घुसळलं गेलं की असंच दिसतं. क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर कागदाच्या जातीचं, गोंदाने चिकटवलेलं. पाण्यात ते फुगतं आणि सुटतं. ज्यांनी गाडी सुरू न करता तशीच ओढून आणली, त्यांचे काही बॉक्स आम्ही वाचवू शकलो. "चालू होते का बघू" म्हणून ज्यांनी किल्ली फिरवली, त्यांच्या अस्तराचा लगदा गाळणीत सापडला. रेडिएटरमधला ऑइल कूलर आतून फुटला तरी हेच गुलाबी दूध दिसतं. गाडी पुरात गेलेली नसेल तर तिथे आधी बघावं.

तोवर उजव्या रकान्यात ओहम आणि व्होल्ट आले होते. गव्हर्नर गेला, त्याच्या जागी वेग मोजणारे सेन्सर आले, व्हॉल्व्ह सरकवायला सोलेनॉइड आले आणि निर्णय एका कॉम्प्युटरकडे गेला. त्याला काही खटकलं की तो सोलेनॉइडांचा पुरवठाच तोडतो. मग तेलाला एकच वाट उरते, बहुधा तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरची. गाडी लिम्पमध्ये जाते. मालकाला वाटतं गिअरबॉक्स संपला, खरं तर तो स्वतःला जपत असतो. स्कॅनर लावला की पी ०७०० येतो, आणि कित्येक जण तेवढ्यावर नव्या गिअरबॉक्सचं कोटेशन देतात. पी ०७००चा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काही सांगायचंय, त्याला विचारा. त्याने पी ०७५० सांगितला तर तक्रार एका सोलेनॉइडची आहे, पण दोष सोलेनॉइडचा, वायरचा, कनेक्टरचा की अर्थिंगचा, हे मीटर घेऊन शोधावंच लागतं.

एक गाडी मी कधी विसरणार नाही. सकाळी ठणठणीत. कात्रजचा घाट चढून खेड शिवापूरच्या आसपास पोचली की तिसऱ्यात अडकायची. थंड झाली की पुन्हा नीट. दोन ठिकाणी कॉम्प्युटर बदलून झाला होता. मी सोलेनॉइड काढले आणि मीटर लावला : तेरा ओहम, चोख. पण बिघाड गरम झाल्यावर होतो तर थंड सोलेनॉइडला विचारून काय उपयोग? घरून अॅल्युमिनियमचं पातेलं आणलं, गिअरबॉक्सचं तेल ओतून मंद आचेवर ठेवलं, वर थर्मामीटर अडकवला आणि एकेक सोलेनॉइड वायरला बांधून आत सोडला. आकडा हळूहळू चढत गेला. तांबं तापलं की तो थोडा चढतोच. पहिला ऐंशी अंशांना साडेपंधरावर राहिला, ठीक. दुसराही ठीक. तिसरा अठ्ठ्याहत्तर अंशांना पंधराच्या पुढे गेला आणि काटकन तुटला. मीटर कोरा. आचेवरून काढला, पाच मिनिटांनी पुन्हा तेरा. वेटोळ्यातली केसासारखी तार तापून लांबली की तिचा सांधा सुटत होता. शेडमधली सगळी पोरं पातेल्याभोवती जमली होती. मी तो तीन वेळा तापवून दाखवला.

२०१४च्या फेब्रुवारीत सेलेरिओ आली आणि ऑटोमॅटिक सामान्य घरात पोचली. तिच्यातला एएमटी म्हणजे नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबायला आणि दांडा हलवायला माणसाऐवजी यंत्र. त्यात इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर नाही, म्हणून सिग्नलच्या चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की क्लचच जळतो. हे गाडी विकतानाच सांगायला हवं.

अलीकडच्या पानांवर एक शब्द वारंवार येतो : "लाइफटाइम". तेल लाइफटाइमचं आहे, बदलायचं नाही, असं गिऱ्हाइकाला सांगितलेलं असतं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफसारखी जर्मन कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. मग हे आयुष्य नक्की कुणाचं धरलंय? आणि तेलाचं आयुष्य संपून गिअरबॉक्स बसला की तो उघडायचा नाही, अख्खा बदलायचा, हीच आता रीत. बसलेला बॉक्स का बसला हे कुणी बघत नाही. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात आम्हीही तेच केलं. गिऱ्हाइकाला घाई होती. त्याने कुर्ल्याहून जुना बॉक्स आणला होता, तो बसवून गाडी दिली. गेलेला बॉक्स भंगारात जाणार होता, पण मी पोरांना तो टेबलावर घ्यायला सांगितलं. तिसऱ्या क्लचचा ड्रम उघडला. प्लेटा काळ्या. पिस्टनच्या रबराची कड प्लास्टिकसारखी कडक होऊन नखाएवढी चिरली होती. दाब तिथूनच निसटत होता. पण रबर असं कडक होतं ते तेल सतत उकळत राहिलं की. आणि तेल का उकळत होतं, याचं उत्तर त्या टेबलावर नव्हतं. ते गाडीत होतं, आणि गाडी तर गेली होती.

त्याच संध्याकाळी फोन करून ती परत बोलावली. कूलरकडून परत येणारी नळी सोडून बादलीत धरली. अर्ध्या मिनिटात साधारण लिटरभर तेल यायला हवं. अर्धा कपही आलं नाही. गाडीखाली शिरलेल्या पोराने हाक मारली, "काका, इथे हात लावून बघा." चासीला लागून जाणारा लोखंडी पाइप एका जागी पूर्ण चपटा झाला होता. कधीतरी कुणीतरी तिथे जॅक लावला होता. नव्याने बसवलेला बॉक्सही त्याच पाइपवर तापत होता.

पाइप त्याच रात्री बदलला. उजवा रकाना त्या पोराने स्वतःच्या अक्षरात भरला : "कूलरचा रिटर्न पाइप, डावी बाजू, जॅकने चेपलेला."