प्रभातच्या आवारातील देहू

कोल्हापुराहून १९३३ साली पुण्यास येऊन स्थिरावलेल्या प्रभात फिल्म कंपनीत नटापासून सुतारापर्यंत सर्वांस दरमहा मुशाहिरा मिळे, आणि ज्यांस संवाद नसत त्यांस जमावात उभे राहण्यात कमीपणा वाटत नसे. अशाच जमावात, कपाळी गोपीचंदन लावून व हाती टाळ घेऊन, ‘संत तुकाराम’ घडताना पाहण्याचे भाग्य मला लाभले. दिग्दर्शन दामलेमामा आणि साहेबमामा फत्तेलाल यांचे. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेल्या त्या जोडीने उभारलेल्या देहूत पाऊल ठेवताच आमचा आवाज आपोआप खाली येई.

तुकोबा साकारणारे विष्णुपंत पागनीस हे मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे, पुढे भजनात रमलेले. आदल्याच वर्षी प्रत्यक्ष बालगंधर्व प्रभातच्याच ‘धर्मात्मा’मध्ये एकनाथ झाले होते, गंधर्वांविषयी नितांत आदर बाळगूनही मला वाटते की तेथे रंगभूमीची सवय पडद्यास जड गेली, आणि पागनिसांनी मात्र स्त्रीभूमिकांतून अंगी मुरलेले मार्दव टाकून न देता तेच तुकोबांच्या विनयास वाहिले. केशवराव भोळ्यांच्या चालींनी त्यांचा गळा कोठेही दिपवू पाहिला नाही. शांताराम आठवल्यांनी नव्याने रचलेला एक अभंग तर इतका अस्सल उतरला की जाणकार मंडळी तो गाथेत शोधीत राहिली.

परंतु माझे मन अधिक गुंतले ते गौरीने साकारलेल्या जिजाईत, तुकोबांच्या पत्नीत. जमावातील किरकोळ कामांपासून वर आलेल्या या बाईने, आजारी पोराला ओढीत, हाती वहाण घेऊन पांडुरंगासच जाब विचारावयास निघालेली जिजाई अशी उभी केली की त्या संतापात निंदेचा लवलेशही उरला नाही, उरली ती केवळ उपाशी घराची कैफियत. आणि पती वैकुंठास निघाला असताही चूल व पोरे सोडून विमानात न बसणारी ती गृहिणी मला भक्तीत तुकोबांहून तसूभरही उणी वाटली नाही.

१९३६ साली मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागलेला हा चित्रपट तेथे ५७ आठवडे चालला, पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पागनिसांची तुकोबांच्या वेषातील तसबीर कित्येक घरांतून भक्तिभावाने पुजली गेली. तिच्या शेजारी गौरीची तसबीर मात्र मी कोठेच पाहिली नाही, आणि ही रुखरुख इतक्या वर्षांनंतरही माझ्या मनातून जात नाही.