ॲरे आणि स्लाइस : कंसातील संख्या कोणाची?

प्रोग्रामिंगच्या प्राथमिक अभ्यासक्रमात ॲरेचा धडा बहुधा दोन तासिकांत उरकला जातो. एकाच प्रकारच्या मूल्यांची सलग रांग, पहिल्या घराचा क्रमांक शून्य, आणि लगेच उदाहरणे. परंतु चौकोनी कंसातील संख्या प्रकाराचा भाग मानायची की नाही, या प्रश्नावर भाषा रचणाऱ्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत आणि विद्यार्थ्यांच्या अनेक चुकांचे मूळही तिथेच सापडते.

पास्कलने ही संख्या प्रकारातच धरली. त्यामुळे १० पूर्णांकांचा ॲरे व २० पूर्णांकांचा ॲरे हे दोन भिन्न प्रकार ठरले. दोहोंची बेरीज करणारे एकच फंक्शन लिहिणे अशक्य झाले. ब्रायन कर्निहान यांनी १९८१ मध्ये पास्कलवर केलेल्या टीकेत हा मुख्य आक्षेप होता.

सी भाषेत नेमके उलट घडते. फंक्शनकडे ॲरे पाठवला की फक्त पहिल्या घराचा पत्ता जातो. पॅरामीटरच्या कंसात १० लिहिले तरी कंपायलर त्याकडे दुर्लक्ष करतो, आणि आत ‘साइझऑफ’ विचारल्यास पत्त्याचा आकार मिळतो. लांबी प्रोग्रामरनेच वेगळी सांभाळायची. न सांभाळल्यास काय होते, ते नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्मने दाखवले. ‘फिंगर’ सेवेतील ५१२ बाइटांच्या जागेत त्याहून मोठी ओळ घुसवून त्याने अनेक यंत्रांत प्रवेश मिळवला. ती ओळ वाचणारे ‘गेट्स’ हे फंक्शन सीच्या प्रमाणातून २०११ साली वगळले गेले.

स्लाइस हा यातील मधला मार्ग. वर्गाच्या हजेरीपटातील २१ ते ३० क्रमांकांची प्रात्यक्षिकाची तुकडी घ्या. तिच्यासाठी नवी वही करत नाहीत. कुठून सुरुवात आणि किती जण, एवढेच सांगतात. स्लाइसमध्येही पत्ता व लांबी एकत्र असतात, त्यामुळे कितीही लांबीच्या ॲरेसाठी एकच फंक्शन पुरते. तुकडीच्या यादीत खूण केली की मूळ पटातही ती दिसते.

गो भाषेत (२००९) ॲरे [१०]इंट असा, तर स्लाइस []इंट असा लिहितात. ॲरे दुसऱ्या चलात ठेवला तर संपूर्ण नक्कल होते. स्लाइसमध्ये घरे सामायिक राहतात. एवढा मोठा फरक केवळ एका संख्येवर सोपवणे मला नवशिक्यांच्या दृष्टीने गैरसोयीचे वाटते. रस्टमध्ये [आय३२; १०] आणि &[आय३२] हे पाहताक्षणी वेगळे ओळखू येतात.

दोन मितींचा ॲरे आला की क्रमाचा पेच पडतो. आपण मराठीत ‘चार पूर्णांकांच्या तीन रांगा’ म्हणतो. हिमायतनगरच्या वर्गात शेजारी बसलेली उर्दू किंवा तेलुगू बोलणारी मुलेही याच क्रमाने बोलतील. डी भाषेत हा प्रकार तसाच, म्हणजे इंट[४][३] लिहितात. मात्र शेवटचे घर गाठताना अ[२][३] लिहावे लागते. म्हणजे घोषणेत चार आधी, वापरात तीनची मर्यादा आधी. गोमध्ये [३][४]इंट लिहितात, म्हणून घोषणा व वापर यांचा क्रम जुळतो, पण बोलण्याचा क्रम उलटतो. फळ्यावर घोषणा लिहिल्यावर ती विद्यार्थ्यांकडून मातृभाषेत वाचून घ्यावी आणि शेवटच्या घराचे क्रमांक विचारावेत. कोणाचा क्रम कुठे उलटतो ते तिथल्या तिथे कळते.