फोटो हलवताय? बेंगळुरूचं ‘एन्टे’
बेंगळुरूत घडलेली ‘एन्टे’ ही फोटो साठवण्याची सेवा ओपन सोर्स आहे. मार्च २०२४मध्ये तिच्या सर्व्हरचा कोडही खुला झाला. फोटो तुमच्या फोनवरच एन्क्रिप्ट होतात, मगच क्लाउडवर जातात. कंपनीलाही ते पाहता येत नाहीत, आणि हीच तिची खरी जमेची बाजू. म्हणूनच रिकव्हरी कीचे २४ शब्द वहीत उतरवून कपाटात ठेवा. पासवर्डही विसरलात आणि हे शब्दही हरवले, तर फोटो कायमचे गेले.

गूगल फोटोजमधून निघताना गूगलच्याच ‘टेकआउट’ सेवेतून फोटोंची झिप फाइल घ्या. तिच्यातल्या जेसन फायली बिनकामाच्या वाटतात, पण आजीच्या स्कॅन केलेल्या फोटोंना हाताने घातलेल्या तारखा त्यांतच असतात. त्या पुसू नका. नव्या जागी सगळं नीट उघडतंय, याची खात्री झाल्यावरच जुनं खातं रिकामं करा.