चार आण्याचं वजन

नालासोपाऱ्यातल्या तुळिंज रोडवरचं आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान गेल्या महिन्यात बंद झालं. आमचं म्हणजे मालकीनं नव्हे, राबत्यानं. आठ बाय दहाचा गाळा, दारात एक बाकडं, आत पोट उघडून ठेवलेले चार-सहा अ‍ॅम्प्लिफायर आणि डागाच्या धुराचा वास. आता तिथं मोबाइलची कव्हरं लटकतात. एक पोरगा दिवसभर काचेवर काच चिकटवत बसतो. चिकटवतोही छान, बुडबुडा राहू देत नाही. दुकान चालवणारे काका राजापूरकडे गावी गेले. जाताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. आत रबरी बेल्ट, पाच-सहा पिना, कंडेन्सरची पुडी. म्हणाले, "तुमच्याशिवाय आता हे कोण विचारतंय? न्या."

तीस वर्षं माळ्यावर पडलेल्या रेकॉर्ड गेल्या दोन वर्षांत मी खाली काढल्या, काकांच्या हातून सगळा संच उभा केला, आणि गाडी रुळावर येते तोच हे. म्हणून हा मागोवा. तो तक्रारीच्या सुरात आहे हे आधीच सांगून टाकतो.

रेकॉर्डवर लिहिणारे सगळे १९०२ सालच्या गौहरजानपासून सुरू करतात. मी करणार नाही. लाखेच्या तीन मिनिटांच्या तबकड्या, चावीचा फोनो, कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा, कलकत्त्याचा डमडमचा कारखाना, पन्नाशीच्या अखेरीस आलेली एलपी, हे सगळं खूप जणांनी खूप प्रेमानं लिहिलंय आणि दर वेळी वाचताना मला झोप आली आहे. ज्या काळी आमच्या घरी वाजवायला यंत्रच नव्हतं, त्या काळाबद्दल मी गहिवर कुठून आणू?

आमच्याकडे यंत्र आलं ते परळच्या चाळीत, वडिलांच्या मिलच्या बोनसमधून. एचएमव्हीचा प्लेअर. त्याच्या मागोमाग महिन्या-दोन महिन्यांनी एखादी एलपी. वसंतराव देशपांडे, कुमार गंधर्व, लताबाईंचे अभंग, पु.लं.चं कथाकथन, आणि माझ्या हट्टापायी 'शोले'च्या संवादांची पॉलिडोरची रेकॉर्ड. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि रेकॉर्ड येणं थांबलं. पगार थांबला हे ओघानं आलंच, पण मला आधी कळलं ते रेकॉर्ड थांबलेलं. चार वर्षांनी, १९८६ मध्ये, परळची खोली सोडून आम्ही तुळिंजला आलो. टेम्पोत प्लेअर आईच्या मांडीवर होता.

तेव्हाचं तुळिंज आज कुणाला सांगून पटत नाही. स्टेशनवरून पूर्वेला उतरलं की थोडी दुकानं आणि मग भातशेती. पावसाळ्यात बेडकांचा आवाज एवढा की प्लेअर मोठा करावा लागे. आमची इमारत नवी, भिंतींना ओल, पाणी बोअरिंगचं. संध्याकाळी तासभर मोटार लागायची आणि तळमजल्याच्या नळाला पाइप लावून पिंपं भरायची. वडिलांनी त्याचं गणित बसवलं होतं. मोटार लागली की ते रेकॉर्डवर सुई टेकवत. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची. बाजू संपली की पिंप भरलेलं. पाइप दुसऱ्या पिंपात, रेकॉर्ड उलटी. घड्याळ कुणी बघत नसे.

फक्त एक घोळ व्हायचा. आसपासच्या सगळ्या इमारतींच्या मोटारी एकाच वेळी लागत, व्होल्टेज पडायचं, आणि प्लेअरची मोटार मंदावायची. पाणी चालू असेपर्यंत वसंतराव किंचित खालच्या पट्टीत गात. पाण्याची मोटार बंद झाली की भर तानेत वर चढत. पुढे नोकरीला लागल्यावर एकदा पुण्यात चांगल्या यंत्रावर तीच रेकॉर्ड ऐकली, तेव्हा यांनी पट्टी का बदलली असा मला प्रश्न पडला होता.

त्यात खोली लहान, भिंत तापायची, रेकॉर्ड वाकायच्या. वाकलेल्या रेकॉर्डवर सुई उडी मारते. त्यावर घरोघरी एकच इलाज होता: सुईच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं. वडील ते नाणं इतक्या हलक्या हातानं ठेवत की देवाला फूल वाहताहेत असं वाटावं. मग सुई निमूट चालायची.

पण १९८६ ते १९९६ ही दहा वर्षं रेकॉर्डची नव्हतीच, ती कॅसेटची. टी-सीरिज १९८३ ची. दहा वर्षांत तिनं आणि तिच्या मागून आलेल्यांनी बाजार असा बदलला की रेकॉर्ड छापणारे छापायचेच थांबले. स्टेशनजवळ कॅसेट भरून देणारी दुकानं झाली. 'पसंतीची गाणी भरून मिळतील' अशी पाटी. तुम्ही यादी द्यायची, साठ मिनिटांची की नव्वदची ते सांगायचं, दोन दिवसांनी कॅसेट न्यायची. गाणी भरली जायची कशावरून? दुकानदाराच्या मागच्या फळीवरच्या एलपींवरून. म्हणजे ज्या गाईचं दूध विकत होते तिलाच कसायाकडे धाडणं चाललं होतं, आणि रांगेत मीही उभा होतो. 'कयामत से कयामत तक' आणि 'आशिकी' माझ्याकडे कॅसेटवरच आल्या.

१९८७ मध्ये माझा चुलतभाऊ आखातातून टू-इन-वन घेऊन आला. पलंगावर ठेवून त्यानं तो सगळ्यांना दाखवला आणि माळ्याकडे बोट करून म्हणाला, "काका, ह्या काळ्या थाळ्या अजून कशाला? भंगारवाला किलोवर घेतो." वडील काही बोलले नाहीत. भाऊ आज बोरिवलीत असतो आणि गेल्या वर्षी त्यानं लाल सुटकेसच्या आकाराचा रेकॉर्ड प्लेअर आणला. फोटो पाठवून विचारलं, तुझ्याकडे काही जुनं असेल तर देतोस का. मी त्याला भंगारवाल्याकडे बघ म्हणून कळवलं. अडतीस वर्षं थांबलो होतो.

कॅसेटची बाजूही सांगायला हवी, नाहीतर पाप लागेल. रेकॉर्ड कंपनीनं ज्यांना दारात उभं केलं नसतं त्यांना कॅसेटनं आवाज दिला. भीमगीतं, कोळीगीतं, गावोगावची भजनी मंडळं, जत्रेतले गायक. प्रल्हाद शिंदे रेकॉर्डवर होतेच, पण गणपतीत प्रत्येक मांडवात ते पोचले कॅसेटमुळं. ते मला मान्य आहे. मान्य नाही ते एवढंच की आवाज घाण झाला आणि आपण तो प्रगती म्हणून घेतला. फीत गुंतायची, पेन्सिल घालून गुंडाळायची, वरचे स्वर वर्षभरात झिजून जायचे आणि आम्ही बास वाढवायचो. बास म्हणजेच आवाज, ही समजूत तेव्हा रुजली. तिचं झाड आता दर दहीहंडीला आमच्या खिडकीच्या काचा हलवतं.

त्याच काळात, १९८९ मध्ये, पहिल्या बोनसमधून मी लॅमिंग्टन रोडवरून जुना कॉस्मिक अ‍ॅम्प्लिफायर आणला. तेवढं एक शहाणपण माझ्या हातून झालं. त्याला मागं 'फोनो' लिहिलेलं एक भोक होतं. त्याचं महत्त्व कळायला मला पुढची पस्तीस वर्षं लागली.

मधली वर्षं भराभर. १९९६ मध्ये प्लेअर माळ्यावर गेला. मग सीडी, मग पाच प्लॅस्टिकच्या डब्यांचं होम थिएटर, ज्याला फोनोचं भोकच नव्हतं. २६ जुलै २००५ ला तळमजल्याच्या घरात कमरेएवढं पाणी. माळ्यावर न मावलेल्या रेकॉर्ड खालच्या कपाटात होत्या. रेकॉर्डला पाण्यानं काही होत नाही, पण कव्हरांचा लगदा झाला आणि लेबलं सुटून आली. अजून माझ्याकडे चाळीसेक नागड्या रेकॉर्ड आहेत. गाणं संपतं तिथल्या कोऱ्या पट्टीवर बारीक कोरलेला आकडा असतो. टॉर्च तिरका धरून तो वाचायचा आणि कोण आहे ते शोधायचं. महानगरपालिका झाली, जिल्हा पालघर झाला, २०१६ च्या फेब्रुवारीत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस बंद झालं. त्या शेवटच्या दिवशी बरेच लोक हळहळत तिथं गेले होते. मी गेलो नाही. दहा वर्षांत तिथून काही विकत घेतलं नव्हतं. आजारपणात न फिरकलेल्यानं मयताला पुढं पुढं करू नये.

निवृत्त झाल्यावर माळा आवरायला घेतला. वडिलांचा प्लेअर मेलेलाच होता. कॉस्मिक लावला तर डाव्या बाजूनं भोंगा. काकांनी झाकण काढलं, फुगलेला फिल्टर कंडेन्सर बोटानं दाखवला आणि म्हणाले, "बाकी ठणठणीत आहे. हल्लीच्या बोर्डात हात घालायला जागा नसते, हा उघडा संसार आहे." रेकॉर्डच्या सुईतून निघणारा आवाज चार-पाच मिलिव्होल्टचा, इतका क्षीण की साध्या इनपुटला तो ऐकूच येत नाही. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे स्वर चढवलेले असतात, वाजवताना ते उलटं करावं लागतं. ते काम 'फोनो'च्या भोकामागचं सर्किट करतं. आज ते वेगळं डबीत विकत घ्यावं लागतं. माझ्याकडे १९८९ पासून फुकट पडलं होतं.

जुना बेल्टवाला टर्नटेबल चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर साडेचार हजाराला मिळाला. दुपारच्या विरार लोकलमध्ये तो मी छातीशी धरून आणला. मीरा रोडला एकानं विचारलं, इडलीपात्र आहे का. बेल्ट सैल होता. काकांनी शेजारच्या टपरीवरून चहाचं टोप मागून आणलं, बेल्ट गरम पाण्यात टाकला, चिमट्यानं उलटापालटा केला आणि पुसून चढवला. "हे महिनाभर. तोवर नवा मागवतो." तो आला तीनशेला. कॉस्मिकचे कंडेन्सर मजुरीसकट सहाशे. स्पीकरचे फाटलेले कोन बदलायला आठशे. वरच्या मजल्यावर पोरं उड्या मारतात म्हणून भिंतीत ब्रॅकेट ठोकून वर काळा कडप्पा, मार्बलवाल्याकडचा उरलेला तुकडा, अडीचशे. नुसती घरघर येत होती ती टर्नटेबलची बारीक तार अ‍ॅम्पच्या स्क्रूला बांधल्यावर गेली, फुकट. चैन एकच केली: ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम-९५ई हे सुईचं काडतूस, साडेचार हजार. एकूण अकरा हजारांत पन्नास कमी.

काडतूस बसवलं त्या दिवशी सुईचा भार मोजायचा होता. दोन ग्रॅम हवा, जास्त नको. काकांनी शेजारच्या सोनाराकडून खिशातला काटा आणला. काटा बरोबर आहे का हे बघायला माझ्या पाकिटातलं जुनं चार आण्याचं नाणं ठेवलं. ती नाणी २०११ पासून चालत नाहीत, मी उगाच एक ठेवलं होतं. अडीच ग्रॅमचं नाणं, झिजून दोन पूर्णांक चारवर आलेलं. मग सुई टेकवली, मागचं वजन फिरवत फिरवत दोनवर आणली. काका नाण्याकडे बघत राहिले. "हे वर ठेवत होता?" मी मान हलवली. त्या वेळच्या पिनाच मुळात पाच-सहा ग्रॅमनं दाबत. त्यावर हे.

घरी येऊन कुमारांची रेकॉर्ड लावली. तानपुरा इतका जवळ कधी आला नव्हता. सूर लावण्याआधीचा श्वासही आला. आणि मग स्वर चढला तसा तो फाटला. खालच्या स्वराला सगळं स्वच्छ, वर गेला की कडांना ओरखडे. सुई, अ‍ॅम्प, स्पीकर सगळं तपासलं. दुसऱ्या, कमी वाजलेल्या रेकॉर्डवर तसं काही होत नव्हतं. आमच्या आवडत्याच रेकॉर्ड फाटत होत्या. जुन्या प्लेअरवर ते कधी कळलंच नाही, कारण तो प्लेअर ते दाखवण्याइतका चांगला नव्हता. वडिलांनी हळुवार हातानं ठेवलेलं नाणं खाचेत उतरलं होतं. अकरा हजार खर्च करून मी काय विकत घेतलं, तर ते ऐकण्याची सोय.

त्याचं वाईट वाटलं म्हणू का? वाटलं आणि नाहीही. पण तिथंच दुसऱ्या गोष्टीचा राग येतो. मुंबईत २०२४ पासून पुन्हा रेकॉर्ड छापू लागलेत, चांगलंच आहे. मी गेलो त्या दुकानात नवी रेकॉर्ड तीन हजाराच्या घरात होती आणि मराठी म्हणून जो कप्पा होता त्यात सगळा जुना माल. कॉफीच्या दुकानांत रेकॉर्ड भिंतीला खिळ्यानं ठोकलेल्या. भावाच्या सुटकेसमधली सुई खाचेला आमच्या नाण्याइतकीच रगडते, फक्त दिसायला लाल आहे. आणि कमी पैशांत चांगला आवाज कसा मिळवावा हे नवनवी पोरं मला कौतुकानं विचारतात. मी कडप्पा सांगतो, बेल्ट सांगतो, जुना अ‍ॅम्प घ्या म्हणतो. मग ते विचारतात, दुरुस्त कुठं करायचा. दीडशे रुपये मजुरी घेणारा माणूस होता म्हणून अकरा हजारांत झालं, नाहीतर तीसला पडलं असतं. ते माझ्या हिशेबाच्या कागदावर कुठं लिहिलेलं नाही.

काल रात्री साडेनऊला पाणी आलं. हल्ली ते दिवसाआड येतं, इमारतींची संख्या काय सांगावी. मी पाइप पिंपात सोडला, नेमकी वसंतरावांची रेकॉर्ड काढली आणि सुई टेकवली. व्होल्टेज आता पडत नाही. पट्टी शेवटपर्यंत तीच राहिली. बाजू संपली, सुई उचलली, मोरीत जाऊन बघितलं. पिंप अर्ध्यावरही आलं नव्हतं.